जुन्या रिळाचा दोरा

१ फेब्रुवारी, रविवार

खारूबाई,

तर सगळ्यांत आधी टपकली ती घड्याळजीची आत्या. यायचं ठरलं होतं चारला, आणि बाई साडेतीनलाच दारात. माझ्या ओठांत पाच टाचण्या, मांडीवर पोस्टमनच्या बायकोचा उसवलेला कोट. ‘या’ म्हणायला तोंड उघडावं तर टाचणी पोटात. मी नुसती मान हलवली. तिला वाटलं असणार, म्हातारी तोऱ्यात आहे. मग मागून तिची भावजय आली, म्हणजे घड्याळजीची आई. ती बोलायला कमी, बघायला जास्त. खुर्चीत बसायच्या आधी तिने खुर्चीखाली वाकून बघितलं. आपलं मांजर होतं.

अगं, मला इतका आनंद झालाय की चहात साखर दोनदा पडली. दोघी मुकाट्याने प्यायल्या, म्हणजे मनात आहे त्यांच्या! आणि हे कोणी मध्यस्थाने जुळवलेलं नाही बरं, मुलानेच तुझा विषय काढलाय. गेल्या सुट्टीत तू माझं बंद पडलेलं गजराचं घड्याळ घेऊन त्याच्या दुकानात गेली होतीस, तेव्हापासून. आत्या म्हणते, “आमचा मुलगा दिवसभर डोळ्याला भिंग लावून चाकं बघतो, माणसाकडे बघत नाही. तुमच्या नातीकडे बघितलं म्हणजे काहीतरी आहे.” मी विचारलं, “भिंग काढून बघितलं का लावून?” आत्या खो खो हसली. आई हसली नाही, पण बिस्किट दुसरं घेतलं.

कापड आणलंय त्यांनी. गडद जांभळं, हातात धरावं तर पाण्यासारखं निसटतं. म्हणाल्या, याचा ड्रेस शिवा, आणि आठ मार्चच्या रविवारी आम्ही परत येऊ तेव्हा मुलगी तो घालून समोर येऊ दे. मांजराने लगेच त्यावर बसून घेतलं. मी हाकललं.

तर आता दोरे पाठव. टेपवरचे आकडे मला अजून चकवतात हे तुला माहीत आहे. अक्षरं तू शिकवलीस, तुझ्याच पहिलीच्या पुस्तकातून, पण आकड्यांपाशी आलो आणि दोघींनाही कंटाळा आला. तेव्हा आपलं नेहमीचंच. तांबडा छातीचा, पांढरा कमरेचा, निळा दंडाचा. टोक जिथे जुळेल तिथे गाठ. जुनी रिळं संपली, नवी सोबत पाठवतेय. फोन करू नकोस. मला धड ऐकू येत नाही, आणि फोनमधून दोरा येत नाही.

तुझी आजी


८ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि टाचण्यांपाशी इतकी हसले की सुपरवायझर बाई विचारायला आल्या. त्यांना तू माहीत आहेस. धुलाईखान्यातल्या सगळ्यांनाच माहीत आहेस.

घड्याळजी मला आठवतो. त्याने घड्याळाचं पाठचं झाकण उघडून मला बोलावलं आणि म्हणाला, “हे बघा, एवढासा केस अडकला होता.” पांढरा केस होता, तुझाच. त्याने तो फुंकर मारून उडवला नाही, चिमट्याने उचलून कागदावर ठेवला. मला तो माणूस बरा वाटला. तुला वाटतो त्यापेक्षा जास्तच बरा वाटला. आता हे सगळ्या गल्लीला सांगत बसू नकोस.

दोरे पाठवतेय. कंबर थोडी वाढली आहे. इथलं कॅन्टीन, दुसरं काय. पोटात अधूनमधून दुखतं, डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पोटावर यंत्र फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, आत बीजांडकोशावर एक छोटी गाठ आहे, बायकांना होते, पाण्याची असते. गोळ्या दिल्यात. तू काळजी करशील म्हणून सांगणार नव्हते, पण तू कुठूनतरी काढून घेशीलच.

ड्रेस जरा सैल शीव. पुढे चुण्या घाल ना, तुझ्या त्या बारीक चुण्या. सगळ्या म्हणतात चुण्यांची फॅशन आहे.

तुझी खारू


१३ फेब्रुवारी

खारूबाई,

दोरे मिळाले. पाकीट उघडतेय तेवढ्यात शेजारचा बेकरीवाला आला, पाव द्यायला म्हणून, पण खरं तर घड्याळजीकडचं काय ठरलं ते विचारायला. मी म्हटलं, “अजून काही ठरलं नाही, तू केकचा साचा घासून ठेव मात्र.” आता तोच सांगेल गल्लीला. मी काही बोलले नाही!

दाराच्या मागे खिळ्याला तुझे चौथ्या वर्षापासूनचे दोरे टांगलेत ना, त्यांतला गेल्या वर्षीचा जुडगा काढला आणि नवा त्याच्याशेजारी टेबलावर पसरला. पांढरा चार बोटं जास्त. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, चला, पोरगी अंगाने भरली. लहानपणी तुला दोन घास भरवायला मी गल्लीभर फिरायची, आणि तू घास गालात दाबून ठेवायचीस आणि मागच्या पायरीवर थुंकायचीस. खारूबाई नाव काय उगाच पडलं?

मग निळा मोजला. निळा एक बोट कमी आहे.

दोनदा ताणून बघितला. मांजराला बाहेर काढलं, दार लावलं, परत मोजला. एक बोट कमीच. अंगाने भरलेल्या माणसाचा दंड कसा गं बारीक होतो? पन्नास वर्षं शिवतेय मी. माणूस जाड झालं की आधी दंडाला कळतं, मग पाठीला, मग कमरेला. हे उलटं आहे.

मला उगाच धाकटीची आठवण झाली. माझी बहीण, तिचा फोटो आहे ना कपाटावर, वेणी पुढे घेतलेला. असो. कुठून कुठे जाते मी.

तू स्वतःच मोजलंस का वाकून? तसं चुकतं. कोणातरी मैत्रिणीला मोजायला सांग, सरळ उभी राहा, श्वास सोडून. आणि डॉक्टरीणबाई गाठ केवढी म्हणाल्या ते लिही. लिंबाएवढी का आवळ्याएवढी, मला आकडे नकोत. कापडाला कात्री अजून लावली नाही.

आजी


२० फेब्रुवारी

आजी,

तू म्हणजे ना! पोट फुगलेलं असताना मोजलं होतं मी, जेवणानंतर. आणि दंडाचा दोरा ओढून धरला होता. आता मैत्रिणीने मोजलंय, नवे दोरे सोबत आहेत. बघ, गेल्या वर्षीएवढीच आहे मी.

इथे कामाचा ढीग आहे. दोन मोठ्या हॉस्पिटलांचे कपडे आता आमच्याकडेच येतात. मला प्रेसवरून काढून घडीच्या टेबलाला लावलंय, ते बरं झालं, ओल्या चादरींचं वजन उचलावं लागत नाही. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी मी घडी करते. त्यांना मधोमध एक चौकोनी खिडकी असते, तेवढंच माणूस उघडं ठेवायचं. घडी अशी घालायची की खिडकी बरोबर वर यावी. दिवसाला दोनशे खिडक्या. परवा एकीतून मी हात घालून बघितला. मनगटाच्या जरा वरपर्यंत जातो.

गाठ लिंबाएवढी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, काढून टाकू, दुर्बिणीचं छोटं ऑपरेशन असतं. पण घाई नाही. दोन-तीन महिन्यांनी केलं तरी चालतं. म्हणजे आधी पाहुण्यांचं होऊन जाऊ दे. त्यांच्यापुढे यातलं काही काढू नकोस हं आजी. लोक गाठ म्हटलं की पुढचं भलतंच ऐकतात.

आता कापड काप. चुण्या विसरू नकोस.

खारू


२५ फेब्रुवारी

खारू,

आज गल्लीची काही खबर नाही. असली तरी लिहिणार नाही.

हा दोरा जुन्या रिळाचा आहे.

मी तुला एक तारखेला नवी रिळं पाठवली, ती जाड आहेत, तीन पदरी. दुकानदाराने जुनं ठेवणं बंद केलं म्हणून. तुझे पहिले दोरे तीन पदरी होते. हे दुसरे दोन पदरी आहेत, म्हणजे तुझ्या सुईच्या डबीत गेल्या वर्षीचा उरला होता तो. आणि कोणा मैत्रिणीने मोजलेलं नाही हे. अंगाभोवती घेतलेला दोरा गाठीपाशी जरा वाकडा राहतो. हा सरळ आहे, पट्टीसारखा. गेल्या वर्षीचा ड्रेस टेबलावर पसरलास आणि त्याच्या कमरेवर धरलास. मी शिवलेली कंबर मला ओळखू येणार नाही का गं? घास गालात धरून बसली आहेस तू, आणि मी चार वर्षांच्या पोरीशी बोलत नाहीये.

आता धाकटीचं ऐक. हे मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं, आणि तुझे आईबाप गाडीच्या अपघातात गेले त्यानंतर सांगायला कोण उरलं.

धाकटीला बघायला पाहुणे यायचे होते. तेव्हा ती चोवीस वर्षांची. तिचं पोट वाढायला लागलं आणि हातपाय वाळायला लागले. दुखायचं तेव्हा ती माझ्या शिलाई मशीनखाली जाऊन गुडघे पोटाशी घेऊन पडायची, तिथे कोणी बघत नाही म्हणून. मी पाय मारत राहायची, मशीनच्या आवाजात तिचं कण्हणं ऐकू जायचं नाही. आमची आई म्हणाली, लोक भलतंच समजतील, तू झाक. माझ्या हातात तेव्हा नवी नवी कला आलेली. मी झाकलं. पुढे बारीक चुण्या घातल्या. चार वेळा कमरेची शिवण उसवली, चार वेळा आत सोडलेलं कापड बाहेर घेतलं आणि बाह्या आवळल्या. पाहुणे आले. म्हणाले, काय सुरेख शिवलंय हो! ते गेल्यावर तिने मला मिठी मारली, आणि तिचं पोट माझ्या पोटाला लागलं. घट्ट होतं, बंद मुठीसारखं. मी कोणाला बोलले नाही. सगळे खूश होते. मीपण खूश होते, खोटं कशाला सांगू. माझं कौतुक झालं होतं.

तीन आठवड्यांनी ती पडली. डॉक्टरने तिचा ड्रेस कात्रीने कापला आणि म्हणाला, “एवढं होईपर्यंत घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?” मी तो कापलेला ड्रेस हातात घेऊन उभी होते. घरी तेवढाच परत आला, धाकटी नाही. माझ्याच चुण्या.

मी तुझा ड्रेस शिवणार नाही. कापड घडीतच राहील. आठ तारखेला तू इथे यायचं नाहीस, आणि पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. तू त्या डॉक्टरीणबाईंकडे जा, आणि त्यांनी खरं काय सांगितलंय ते मला लिही.

आजी


३ मार्च

आजी,

तुझ्यावर मी दोन दिवस चिडले होते. तुझं पत्र फाडणार होते. मग तिसऱ्या दिवशी घडीच्या टेबलाखाली बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन, आणि वर प्रेसचा आवाज चालू होता. तेव्हा तुझी धाकटी आठवली.

खरं लिहिते. तीन वर्षं झाली. आधी महिन्यातून दोन दिवस दुखायचं, आता दुखत नाही ते दिवस मी कॅलेंडरवर खुणेने मोजते. फेब्रुवारीत सहा होते. आत कोणीतरी ओला टॉवेल पिळतंय असं होतं, मग उलटी, मग घाम. ॲप्रनच्या आत गरम पाण्याची पिशवी बांधून उभी राहते. चादरींच्या खोलीत जाऊन टॉवेल तोंडात धरते. मैत्रिणींना वाटतं मी कामचुकार झाले. एक जण म्हणालीसुद्धा, “राणीसाहेब परत विश्रांतीला गेल्या.” मी हसले.

गाठ लिंबाएवढी नाही. डावीकडची मोठ्या संत्र्याएवढी आहे, उजवीकडे दुसरी आहे, ती लिंबाएवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थांबू नका, मोठी गाठ आहे, तिला आतल्या आत पीळ पडला तर रक्त बंद होतं आणि मग धावपळ होते. चोवीस फेब्रुवारीची तारीख दिली होती. मी गेले नाही. मी म्हटलं, आठ मार्च होऊन जाऊ दे. तुला दोन-तीन महिने लिहिलं ते मी माझ्या मनाचं लिहिलं.

भीती दुखण्याची नाही. त्यांनी एक कागद सही करायला दिला. त्यावर लिहिलंय की उघडल्यावर जे दिसेल त्याप्रमाणे एक किंवा दोन्ही बाजू काढाव्या लागतील. आणि काढलेलं तपासायला जाईल, ते साधं आहे का वाईट आहे ते नंतर कळेल. आजी, मला कोणी पहिल्यांदा माणूस म्हणून बघितलं, भिंग लावून का काढून कोण जाणे. त्याला मी काय सांगू? की थांब, आधी उघडून बघू दे?

काल मी गेले. सही केली. सोमवारची तारीख मिळाली, नऊ मार्च. रविवारी येत नाही. पाहुण्यांना मीच लिहिणार होते, पण दोनदा कागद घेतला आणि दोनदा नुसतं ‘नमस्कार’ लिहून थांबले. तूच सांग. खरं सांग. चुण्या घालू नकोस.

खरे दोरे सोबत आहेत. नव्या रिळाचे. सुपरवायझर बाईंनी मोजले. पांढरा गुंडाळताना त्यांचे हात थांबले.

खारू


८ मार्च, रविवार

माझी खारूबाई,

हे पत्र टाकणार नाही, बरोबर आणणार आहे. उद्या पहाटेच्या गाडीत बसतेय, आधीची गाडी नव्हती गं, असती तर काल मी तिच्या टपावर बसून आले असते. तोंडाने सांगायला गेले तर मी रडेन आणि तिथली नर्स मला बाहेर काढेल. तेव्हा तू हे वाच, मी नुसती बसते.

सगळ्यांत आधी आली ती आत्याच, अर्धा तास आधी, तिचं घड्याळ घरात घड्याळजी असून पुढेच पळतं. पण त्याच्या आधी शुक्रवारचं. शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या सुपरवायझर बाईंचा बेकरीत फोन आला. बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला आणि माझ्या कानाशी ओरडून एकेक वाक्य सांगत होता. तू टेबलापाशी पडलीस. पीळ पडला. सोमवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी उघडलं. गाठ दुर्बिणीत मावली नाही, पोटावर कापलं. डावीकडचं सगळं काळं पडलं होतं, काढलं. उजवीकडची नुसती गाठ काढली, बाजू ठेवली आहे. “ठेवली आहे, आजी, ठेवली आहे,” तीनदा ओरडला. माझ्या कानात पीठ गेलं. तीनच दिवस राहिले होते सोमवारला. मी ते बोटांवर मोजत बसले, मला येतात तेवढे आकडे.

सुपरवायझर बाईंचा काल परत फोन होता. तू अर्धी वाटी पेज प्यायलीस आणि नर्सला विचारलंस, ही चादर आमच्याकडची का. मी इतकी हसले! बेकरीवाला म्हणाला, आजी, तुम्ही हसताय का रडताय ते ठरवा. जिवंत आहे माझी पोरगी, चादरीची घडी तपासतेय. मला आणखी काय पाहिजे. पाहिजे आहे, पण आत्ता नाही मागत.

तर पाहुणे. आत्या, आई, दोघी त्याच खुर्च्यांत. घड्याळजी आला नव्हता, दुकानात काम होतं म्हणे, रविवारी. आत्या म्हणाली, “कुठे आहे मुलगी? ड्रेस घालतेय वाटतं?” मी उठले, घडी केलेलं कापड आणलं आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. मग सगळं सांगितलं. दोन पदरी दोऱ्यापासून काळ्या पडलेल्या बाजूपर्यंत. धाकटीचंसुद्धा. माझा आवाज एकदाही अडकला नाही, मलाच नवल वाटलं.

आत्याने कप खाली ठेवला. “म्हणजे मूलबाळ?”

मी म्हटलं, “एक बाजू आहे.”

“एका बाजूने होतं?”

“होतं म्हणतात डॉक्टर. पण तुम्ही मुलगी बघायला आला होतात का मूल?”

आत्याने कप परत उचलला. तिची भावजय माझ्या दाराकडे बघत होती. उठली, दार ढकललं, खिळ्यावरचे तुझे दोरे बघितले. चौथ्या वर्षापासूनचे सगळे. शेवटचा पांढरा तिने हातात घेतला, स्वतःच्या कमरेभोवती धरून बघितला. तिच्या भरल्या अंगालाही तो सैल पडला. हळूच परत खिळ्याला लावला.

“तपासायला गेलंय त्याचं कधी कळणार?” तिने विचारलं. मी म्हटलं, गुरुवारी. मग तिने टेबलावरचं कापड उचललं, एक घडी मोडली, परत घातली, आणि काखेत घेतलं.

मी विचारलं, “परत नेताय?”

“घेऊन जातेय,” ती म्हणाली. “मग आम्हीपण गुरुवारीच येतो.”

आता याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही, आणि मी लावतही नाही बसले. पन्नास वर्षांत मी लोकांच्या अंगाची मापं घेतली, तोंडं मला अजून वाचता येत नाहीत. गुरुवारी मी घरी नसेन हे मी त्यांना सांगितलं. मी तुझ्या खाटेशेजारी असेन, मांजर बेकरीत असेल. पत्ता लिहून दिला, वॉर्डाचासुद्धा, माझ्या गिचमिड अक्षरात. आईने तो वाचून पर्समध्ये ठेवला. आत्याने नाही वाचला.

पिशवी भरली आहे. तुझा मऊ गाऊन घेतलाय, कंबर मोकळी, नाडी नाही, चुण्या नाहीत. नव्या रिळाचा दोरापण घेतलाय, पण तू म्हणेपर्यंत मोजणार नाही.

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई कागद घेऊन येणार. आणि त्या दोघी येतो म्हणाल्यात, तेही गुरुवारीच, बारा मार्चला.